रमिला वसावेने काढलेली दहा पानं

रमिला वसावे वर्गात झोपायची. तिला कोणी उठवायचं नाही, हा आमच्या वर्गातला न ठरवता पडलेला नियम होता. शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून, वहीवर हात आणि हातावर गाल ठेवून ती झोपे. झोपही कशी, तर हातातली पेन्सिल सुटत नसे.

ती तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि आम्ही सगळ्या विशीतल्या. शहाद्यात मुलींच्या एका वसतिगृहात ती कंत्राटावर स्वयंपाकीण होती. पहाटे उठून ऐंशी मुलींचा नाश्ता आणि दुपारच्या जेवणाची तयारी करायची, अकराला कॉलेजात यायचं, तीनला परत जाऊन संध्याकाळच्या पोळ्यांना लागायचं. दहावी झाल्यावर तिचं शिक्षण सुटलं होतं. बारावी तिने वसतिगृहातल्या मुलींच्या अभ्यासाच्या तासाला त्यांच्यातच बसून बाहेरून फॉर्म भरून केली, आणि मग आमच्या वर्गात बी.ए.ला आली. लग्न झालं होतं, आता नाही, एवढंच तिने आपल्याबद्दल सांगितलं होतं. पुढे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तेवढी उत्सुकताही नव्हती.

नव्या अभ्यासक्रमात आमचा मुख्य विषय समाजशास्त्र होता आणि जोडविषय व्यवसाय व्यवस्थापन. शेवटच्या वर्षी या दोन्हींचा मिळून एक प्रकल्प करायचा होता. भाग अ समाजशास्त्राचा, भाग ब व्यवसायाचा. दोघी-दोघींचे गट पाडायचे होते. गट पडले त्या दिवशी मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले होते आणि रमिलाताईला वसतिगृहातून सुट्टी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शेवटच्या ओळीत आमची दोघींची नावं एकत्र होती, जागृती आणि रमिला. उरलेल्या दोघी. मला रडू आलं होतं. घरी सांगितलं तेव्हा आई केळीच्या पानावर पापड वाळत घालत होती, ती न वळता म्हणाली, "ती तुन्ही मैतरीण शे का मावशी?"

आमचे मार्गदर्शक सोनवणे सर तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवायचे. एका बसमधून उतरून दुसरी पकडणारा माणूस. एकोणीस गट त्यांच्याकडे होते. ते वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. एकदा त्यांनी सहभागी निरीक्षण म्हणजे काय असं विचारलं आणि कोणीच हात वर केला नाही, तेव्हा वैतागून त्यांनी रमिलाताईला उठवलं. ती उभी राहिली. गालावर वहीच्या तारेचा ठसा उमटला होता. ती म्हणाली, "सर, मुली जेवताना जे बोलतात ते मला ऐकू येतं. वॉर्डनबाई आल्या की त्या गप्प होतात. मी असले तर नाही होत. त्यांना मी दिसत नाही. तेच का ते?"

सर म्हणाले, तेच ते, पण परीक्षेत व्याख्या लिही. ती "बरं" म्हणून बसली.

तिच्या या "बरं"बद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बरं म्हणजे होकार. तिचं बरं म्हणजे ऐकलं, एवढंच. पुढे काय करायचं ते ती करायचीच. मला हे कळायला तीन महिने लागले, आणि सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरी गोष्ट तिच्या मराठीची. आम्ही पाटलांच्या, गुजरांच्या मुली घरी, बसमध्ये, वर्गात अहिराणीच बोलायचो. प्रमाण मराठी आमच्यासाठी पेपरात लिहायची भाषा होती. रमिलाताईची घरची भाषा भिलोरी, मोलगीच्या पुढच्या डोंगरातली. मराठी तिला आश्रमशाळेत पुस्तकातून मिळाली, त्यामुळे वर्गात सगळ्यात स्वच्छ मराठी तीच बोलायची. बाजारात भाजीवालीशी अहिराणी, आमच्याशी पुस्तकी मराठी, मोबाइलवर आईशी भिलोरी. कुठल्या भाषेत थांबायचं हे तिला बरोबर समजायचं. आणि ती सगळं पेन्सिलीने लिहायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, पेनाने लिहिलं की माणूस अडकतो.

विषय तिनेच सुचवला. खापरचा आठवडे बाजार आणि तिथे डोंगरातून माल घेऊन येणाऱ्या बायका. मला शहाद्यातली ब्युटी पार्लर घ्यायची होती, चालत जाता आलं असतं. पण सरांना खापर आवडलं. त्यांच्या मते त्यात समाजशास्त्रही होतं आणि व्यवसायही. मी बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. भांडवलाचा स्रोत, कच्च्या मालाचा स्रोत, बाजारपेठेची निवड, जोखीम. चांगली टाइप करून, झेरॉक्स काढून, पॅडला लावून मी निघाले. रमिलाताईने एक दिवसाची रजा काढली होती. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, खापर. दोन तास ती बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपली. खापरला उतरल्यावर तिने पहिला प्रश्न मला विचारला, काय खाल्लंस. तो तिचा नेहमीचा प्रश्न. नमस्कार वगैरे नाही.

बाजारात मी पहिल्या बाईसमोर पॅड धरून बसले आणि विचारलं, आपल्या व्यवसायातील प्रमुख जोखीम कोणती. बाई चवळी विकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पॅडकडे पाहिलं आणि चवळीचा ढीग माझ्यापासून थोडा पलीकडे सरकवला.

रमिलाताई खाली बसली. चवळी हातात घेतली, दोन दाणे दाताखाली घातले. पोत्याचं तोंड सुटत होतं ते बांधून दिलं. मग बोलायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता. वीस मिनिटं झाली असतील. बाई हसली, मग गंभीर झाली, मग पदराने नाक पुसलं. मी पेन उघडं धरून उभी. शेवटी रमिलाताई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "लिही. पाऊस आणि दीर."

मी म्हटलं, दीर?

"दीर येतो आणि माल उचलून घेऊन जातो. जोखीम विचारलीस ना?"

वीस मिनिटांत एवढंच कसं, असं मी विचारलं. तिने सांगितलं की बाकीचं तुझ्या प्रश्नावलीत नाही. मला त्याचा राग आला होता. नंतर आम्ही पाच वेळा खापरला गेलो आणि दरवेळी असंच. ती बसायची, कोणाचं पोतं धरायची, कोणाचं मूल मांडीवर घ्यायची. विचारायचं ते शेवटी विचारायची, कधी कधी विचारायचीच नाही. मी चिडले की म्हणायची, थांब जरा. परतीच्या बसमध्ये ती मला सगळं सांगायची आणि मी लिहायची. तळोद्याच्या आसपास तिचा आवाज बारीक व्हायचा आणि वाक्य अर्धं ठेवून ती झोपायची.

तिसऱ्या खेपेला आम्हाला जेठीबाई भेटली. ती बांबूच्या टोपल्या, सुपं आणि कणग्या विकायची. पन्नाशीची, हाताची बोटं बांबूच्या कडांनी चिरलेली. तिच्या टोपल्या बाजारात पहिल्या संपायच्या. रमिलाताईचं आणि तिचं जमलं. दोघींना एकमेकींची बोली पूर्ण येत नव्हती, पण त्यांचं अडत नव्हतं. चौथ्या खेपेला जेठीबाईने आम्हाला घरी बोलावलं. जीप, मग पाऊण तास चढ. तिच्या घरी आम्ही ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली. तिने मला स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा डाळ वाढली आणि मी किती बारीक आहे याबद्दल रमिलाताईशी काहीतरी बोलली. जेवण झाल्यावर तिने घरामागचा बांबू दाखवला, तो कुठून येतो ते हाताने डोंगराच्या दिशेला दाखवलं. त्या जंगलावरच्या हक्काचा तिच्या गावाचा कागद बरीच वर्षं कुठल्यातरी कार्यालयात पडून होता. कागद नाही म्हणजे बांबू तोडणं गुन्हा. म्हणून बायका कशा जातात, कोण पुढे चालते, मोळी गवतात कशी गुंडाळतात, कोणती वाट टाळतात, हे सगळं तिने रमिलाताईला सांगितलं, आणि रमिलाताईने परतीच्या बसमध्ये मला.

मी घरी गेले आणि लिहायला बसले. तोवर आमच्या प्रकल्पात काहीच जीव नव्हता. टक्के, तक्ते, दीर. आता मला एकदम काहीतरी सापडलं होतं. कच्च्या मालाचा स्रोत, पुरवठ्याची साखळी, त्यातला प्रत्येक माणूस. मी नकाशा काढला, वाटा दाखवल्या, बाण काढले. जेठीबाईचं नाव, गाव, फोटो. चौथं प्रकरण, दहा पानं. त्याआधी किंवा त्यानंतर मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. हे मी आजही प्रामाणिकपणे म्हणते.

टायपिंगच्या दुकानात रमिलाताईने कच्ची प्रत वाचली. काउंटरशी उभी राहून, ओळीखाली पेन्सिल फिरवत. चौथ्या प्रकरणापाशी ती थांबली. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा करून बघितला. मग पानं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हे काढ."

मी म्हटलं सरांनी वाचलंय, त्यांना हेच आवडलंय. बाकी सगळं कोणीही लिहील.

"लिहायचं नाही हे तुला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं नाही सांगावं लागेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. सहा वाजायला आले होते, वसतिगृहात कणीक तशीच पडली होती, तिला पळायचं होतं. तिने परत विचारलं, काढशील ना? मी "बरं" म्हणाले.

आणि काढलं नाही. तिच्याच शब्दाने तिला फसवलं, हे मला तेव्हा जाणवलंही होतं. पण मला प्रथम श्रेणी हवी होती, आणि या दहा पानांशिवाय ती मिळणार नाही असं मला वाटत होतं. तीन प्रती बांधून झाल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, खाली दोघींची नावं. एक कॉलेजची, एक सरांची, एक आमची. आमची माझ्याकडे राहिली. रमिलाताईने बघायला मागितली नाही.

पंधरा दिवसांनी सूचनाफलकावर यादी लागली. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी चार प्रकल्प निवडले होते आणि आमचा पहिला होता. खाली पाहुण्यांची नावं होती. निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी येणार होते, त्यांत वन खात्याचेही होते. मैत्रिणी माझं अभिनंदन करत होत्या. रमिलाताई फलकापाशी उभी राहून बोट फिरवत पूर्ण कागद वाचत होती. पाहुण्यांच्या नावांपाशी तिचं बोट थांबलं.

ती थेट स्टाफरूममध्ये गेली. तिथे काय झालं ते मला सरांकडून नंतर कळलं. तिने सांगितलं की प्रतीत एक चूक राहिली आहे, दुरुस्त करून उद्या आणते. सरांनी आपली प्रत दिली, कपाटातली कॉलेजचीही काढून दिली. रमिला मागतेय म्हणजे खरंच काही असेल, असं त्यांना वाटलं. मग ती माझ्याकडे आली आणि हात पुढे केला. मी पिशवीतून आमची प्रत काढून दिली. मला समजलं होतं. मी थांबवलं नाही, आणि विचारलंही नाही.

"सकाळी आणते," ती म्हणाली.

सकाळी तिने तीनही प्रती आणल्या. बत्तीस ते एक्केचाळीस पानं नव्हती. शिवणीपाशी इतकी सफाईने कापलेली की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. भाजी चिरायच्या सुरीने कापली असणार, तिच्याकडे दुसरं काय होतं. अनुक्रमणिकेतल्या चौथ्या प्रकरणावर एक सरळ रेघ मारली होती. पेनाची. एवढ्या वर्षांत तिच्या हातचं पेनाचं मी तेवढंच पाहिलं.

सरांनी प्रत चाळली आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांची दुसऱ्या कॉलेजची बस सव्वाबाराची होती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, आता प्रदर्शनात ठेवता येणार नाही, नवीन छापायला वेळ नाही, आणि तोंडी परीक्षेत काय होईल ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, निदान मला विचारायचं होतंस. ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं, सर." सर पिशवी उचलून बसला गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. शांत, चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ. दिवसभर एकाच साच्यातले प्रकल्प बघून तेही कंटाळले होते. पान उलटता उलटता एकदम थांबले. एकतीस, आणि मग बेचाळीस. अनुक्रमणिका बघितली. रेघ बघितली. हे काय म्हणून विचारलं.

"ती पानं मी काढली," रमिलाताई म्हणाली.

का?

"त्या बाईने ती गोष्ट मला सांगितली होती. तुम्हाला नाही."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव बदलता येतं, गाव बदलता येतं, त्याची पद्धत असते, ती शिकवली जाते. ती म्हणाली की नाव बदललं तरी डोंगर बदलत नाही सर, आणि तशा टोपल्या त्या बाजारात एकच बाई आणते. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, आणि तुमचं मत? मी म्हटलं, दोघींनी मिळून ठरवलं होतं, सर.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती काहीतरी चांगलं म्हणेल. मी तिची बाजू घेतली होती ना. तिने नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि मला विचारलं, खोटं कशाला बोललीस? तेही रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असावं असं विचारलं. तिला पोळ्यांना उशीर होत होता, ती गेली.

यानंतर आमचा संबंध संपायला हरकत नव्हती. पण चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. खापरला जायचं आहे, येतेस का. मी म्हटलं आता कशाला, प्रकल्प संपला. ती म्हणाली, त्यांना वाचून दाखवायला नको का, काय लिहिलं ते.

असं कोणी करत नसे. सरांनी सांगितलं नव्हतं, त्याला गुण नव्हते, आणि माझी परीक्षा तोंडावर आली होती. तरी मी गेले. बाजार उतरणीला लागला होता, उन्हाने बायकांचे चेहरे काळवंडले होते. ज्या ज्या बायकांनी आम्हाला वेळ दिला होता त्यांच्यातल्या सात-आठ जणी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या. रमिलाताई एक-एक परिच्छेद मराठीत वाचायची आणि मग त्यांच्या बोलीत सांगायची. त्या ऐकत होत्या, मधून दुरुस्त करत होत्या. एकीने सांगितलं की मी तूर नाही, उडीद आणते. दिराची बाई म्हणाली, तो आता येत नाही, त्याला मार बसला. सगळ्या हसल्या. रमिलाताईने पेन्सिलीने समासात दुरुस्त्या केल्या. त्या प्रतीला आता कोणी हात लावणार नव्हतं, तरी केल्या.

जेठीबाई कडेला बसून ऐकत होती. शेवटी तिने काहीतरी विचारलं. दोनच शब्द. रमिलाताईने उत्तर दिलं, तेही छोटं. जेठीबाईने मान हलवली आणि उरलेल्या टोपल्या एकात एक घालायला लागली.

बसमध्ये मी विचारलं, ती काय म्हणाली.

"बांबूचं काय, म्हणाली. मी सांगितलं, ते लिहिलं नाही."

रमिलाताईने सांगितलं असतं की लिहिलं होतं, जागृतीने लिहिलं होतं, आणि मग मी कापलं, तर ते खरं झालं असतं. खोटं कशाला बोललीस असं मला विचारणारी ती. तिने माझ्यासाठी एवढं आखूड वाक्य का वापरलं, ते मी तिला विचारलं नाही. अक्कलकुव्याच्या आधीच ती झोपली होती.

निकाल लागला. प्रकल्पाचे गुण जेमतेम होते. माझी प्रथम श्रेणी गेली. घरी मी सांगितलं की जोडीदारीण नीट मिळाली नाही. आई म्हणाली, "मी सांगेल व्हतं तुले." मी तेही खोडून काढलं नाही. रमिलाताई दुसऱ्या श्रेणीत पास झाली. निकालाच्या दिवशी ती कॉलेजात आलीच नाही, कारण त्या दिवशी वसतिगृहात तपासणी होती. मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा मागून भांड्यांचा आवाज येत होता. ती "बरं" म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारलं, "नक्की ना?"

तिला गृहपाल व्हायचं होतं. वॉर्डनबाई बसायच्या त्या खुर्चीत. हे मला तिने खापरच्या तिसऱ्या खेपेला सांगितलं होतं, आणि कारण इतकंच दिलं होतं की भाजी निवडणाऱ्या बाईला कळतं मुली काय टाकून देतात, पण मागणीपत्रावर सही तिची नसते. तेवढ्यासाठी ती पहाटे उठून, वर्गात झोपून तीन वर्षं काढत होती. पदवीनंतर दोनच महिन्यांत वसतिगृहाचं कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली. मला हे बरंच उशिरा, एका मैत्रिणीकडून कळलं. मी फोन लावला तर नंबर बंद होता. दोनदा लावला. मग माझंही लग्न ठरलं, मोडलं, मी नवापूरला एका खासगी शाळेच्या कार्यालयात लागले. सकाळी दहा ते सहा दाखले, हजेरीपट, पालकांचे अर्ज. रविवारी कपडे. दिवस जातात.

गेल्या हिवाळ्यात मी नंदुरबारहून नवापूरला परतत होते. विसरवाडीला बस बदलावी लागते. फाट्यावर ट्रक उभे होते, भजीवाल्यांचे गाडे होते, धूळ होती. दुपारचे तीन वाजले असतील. नंदुरबारच्या बाजूला जाणाऱ्या प्रवाशांत मला ती दिसली. आधी ओळखलं नाही, केस बरेच पांढरे झाले होते. तिच्या अंगाला टेकून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती, शालीत गुंडाळलेली, डोळे लाल.

मी रस्ता ओलांडून गेले. तिने मला लगेच ओळखलं. तिथून आत, डोंगराच्या बाजूला एका आश्रमशाळेत ती लागली होती. ही तिथलीच मुलगी, तिला तीन दिवस ताप होता, गोळ्यांनी उतरत नव्हता, सरकारी दवाखान्यात नंदुरबारला नेत होती. मी विचारलं, गृहपाल झालीस का. ती म्हणाली, "काम तेच करते. कागदावर स्वयंपाकीण आहे." दोन्ही? मी विचारलं. तिने नुसती मान हलवली आणि मुलीच्या कपाळावर हाताची मागची बाजू ठेवून बघितली.

मला तिला बरंच सांगायचं होतं. त्या दहा पानांबद्दल, आईला सांगितलेल्या खोट्याबद्दल. मी सुरुवात केली, "रमिलाताई, ते मी तेव्हा..." तिने माझ्याकडे बघितलं. बघणं मायेचं होतं, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं, कान रस्त्याकडे होते. म्हणाली, "जागृती, गाडी येतेय का बघ गं. मला लांबचं नीट दिसत नाही हल्ली."

मी बघितलं. येत होती.

बस खच्चून भरलेली होती. कंडक्टर दारातूनच जागा नाही म्हणून सांगत होता. ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. शाल सोडवली, मुलीला पाठीवर घेतलं, शालीने कमरेशी घट्ट बांधलं आणि पायरीवर पाय ठेवला. माणसं कुरकुरत आत सरकली. दार लागलं. मागच्या काचेतून मला तिचा एक हात दिसला, वरच्या दांडीला धरलेला, आणि खांद्यावरून लोंबणारा मुलीचा एक पाय, चप्पल नसलेला. मग एक ट्रक मध्ये आला.

मी तिच्याबरोबर नंदुरबारला जाऊ शकले असते. त्या दिवशी मला सुट्टी होती, नवापूरला माझी कोणी वाट बघत नव्हतं. मुलीला निदान धरलं तरी असतं. हे मला सुचलं तेव्हा बस वळून गेली होती, आणि मी माझ्या बसची वाट बघत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.